पंप क्रमांक सात

ता. ४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी डिसेंबरची बाटली पोचली, तपासून झाली आणि नेहमीप्रमाणे गुणी निघाली. आर्सेनिक मर्यादेच्या निम्मंसुद्धा नाही, लोह तर औषधालाही नाही. एकोणीस वर्षं झाली, तुमच्या गल्लीतल्या हातपंपाने मला एकदाही मान खाली घालायला लावलेली नाही. आमच्या कागदांत त्याला 'निरीक्षण-पंप क्रमांक सात' म्हणतात. बाकीचे चाळीस पंप आलेखात वर-खाली उड्या मारतात, हा मात्र शहाण्या मुलासारखा सरळ रेषेत चालतो. मागच्या महिन्यात परिषदेत मी ही रेषा पडद्यावर दाखवली, तेव्हा शेवटच्या रांगेत झोपलेले एक प्राध्यापक जागे झाले. माझं संशोधन तरी रंगलं असेल, नाहीतर चहा आला असेल.

खरी बातमी पुढेच आहे. आमचे संचालक मे महिन्यात निवृत्त होताहेत. त्यांची सही मिळवणं म्हणजे काळ्या खडकात बोअर मारणं होतं, तेव्हा निरोपाच्या भाषणात मी रडणार नाही. खुर्चीला उमेदवार दोन: एक मी आणि दुसरे शेजारच्या खोलीतले सद्गृहस्थ. त्यांनी पंपाचा दांडा जन्मात हातात धरलेला नाही, पण पंपांवर तीन ग्रंथ लिहिलेत. मुलाखत एप्रिलच्या शेवटी आहे. मला ही खुर्ची हवी आहे, मावशी. बावीस वर्षं लोकांच्या परसदारी चिखल तुडवला, आता चार वर्षं कोरड्या पायांनी बसले तर कुणाचं काय जातं?

नव्या वर्षाच्या बारा बाटल्यांचं खोकं वेगळं धाडलं आहे. अहवालात तुझी नोंद 'प्रशिक्षित स्थानिक सहायक' अशीच चालू आहे. उन्हाळ्यात नक्की येते.

लोभ आहेच, वाढला तर हरकत नाही.

तुझी,
भिंगरी


ता. १२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि खुर्चीसाठी एक जादा.

तुझं 'उन्हाळ्यात नक्की येते' हे वाक्य मी आता छापूनच घेते, म्हणजे दर वर्षी लिहायचे तुझे कष्ट वाचतील. सहा उन्हाळे गेले. तुझं पाणी दर महिन्याला माझ्याकडून तुझ्याकडे येतं, तुला मात्र रस्ता सापडत नाही.

मी 'प्रशिक्षित' कधी झाले तेही एकदा सांग. एकोणीस वर्षांपूर्वी तू अर्ध्या पोस्टकार्डावर लिहिलं होतंस, की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाटली भरून पाठवत जा. उरलेल्या अर्ध्यात स्वतःच्या सर्दीबद्दल लिहिलं होतंस. याला प्रशिक्षण म्हणायचं, तर मी तीस वर्षं शाळेत मुलींना गृहशास्त्र शिकवलं ते काय होतं?

हे कोंबडीचे पाय पाहून घाबरू नकोस. न्हाणीघरात पाय घसरून उजवं मनगट मोडलं आहे, डावीने लिहिते आहे. डॉक्टर म्हणाले, तीन महिने काही उचलायचं नाही. हा डॉक्टर माझ्याच एका विद्यार्थिनीचा मुलगा आणि तिला साधा काज करता येत नव्हता, त्यामुळे प्लास्टरवर माझा फारसा भरवसा नाही. पिण्याचं पाणी वरच्या मजल्यावरची मुलगी भरून देते. तुझ्या बाटलीचं काम शेजारच्या शिंपीणबाईंवर सोपवलं आहे. बाई चोख, फक्त कायम घाईत. तिच्या तळहातांवर बारीक कडक गाठी आल्यात, खडे रुतल्यासारख्या. कात्रीचे घट्टे आहेत म्हणते. मी विचारलं, कात्री एका हातात धरतात, मग घट्टे दोन्ही हातांना कसे? तर म्हणाली, मावशी, तुमची शाळा सुटली तरी तुम्ही काही सुटला नाहीत.

ये म्हणत नाही. येशील तेव्हा खरं.

तुझी,
मावशी


ता. २० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि., आणि आज विशेष म्हणजे खरंच विशेष आहे.

सात नंबर उसळला! जानेवारीच्या बाटलीत आर्सेनिक मर्यादेच्या सहापट निघालं. मला वाटलं, यंत्र बिघडलं. फेब्रुवारीच्या बाटलीतही तेच. एकोणीस वर्षं सरळ चालणारी रेषा एका महिन्यात आभाळाला भिडली. म्हणजे बाहेरून काहीतरी जमिनीत मुरलं आहे, आणि तुमच्या गल्लीमागे रंगाचा कारखाना आहे. मी त्याच दिवशी अहवाल लिहिला. एकोणीस वर्षांची शुद्ध नोंद हातात असताना इतका स्पष्ट पुरावा कुणाच्या नशिबी येतो? कारखान्याला बंदची नोटीस गेली, तो थांबला की पाणीही निवळेल म्हणून पंप चालूच ठेवला आहे, आणि वर्तमानपत्रात माझा फोटो आला. फोटोत मी बाटलीकडे अशी पाहते आहे की जणू तिच्यात राक्षस बसला आहे. छायाचित्रकाराने तसंच पाहायला सांगितलं होतं.

शेजारचे सद्गृहस्थ अभिनंदन करायला आले, तेव्हा त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला होता. संचालक म्हणाले की आता मुलाखत म्हणजे उपचार राहिला. मला दोन रात्री आनंदाने झोप आली नाही.

तुझं मनगट कसं आहे ते कळव. शिंपीणबाईंना माझे आभार सांग, त्या हाताला यश आहे.

लोभाची मागणी कायम.

तुझी,
भिंगरी


ता. ३ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी शिंपीणबाईंना बोलावून घेतलं आणि चांगलं फैलावर घेतलं. एकोणीस वर्षांत ज्या पंपाला कुणी नावं ठेवली नाहीत, तो हिच्या हातात जाताच नापास कसा होतो? बाटली कशी भरलीस म्हणून विचारलं. म्हणाली, पंपाच्या तोंडाखाली धरली, दांडा मारला, बूच लावलं. मी कपाळाला हात लावला, प्लास्टरचा. अगं, दहा शिकलेली माणसं आपलं पाणी बघणार, आणि ते असं पारोसं पाठवायचं?

माझी पद्धत अशी. आधी बाटली धुवायची. तुमच्या बाटलीवर 'धुऊ नये' असं छापलेलं असतं आणि तळाशी कसले तरी दोन आंबट वासाचे थेंब असतात. जी प्रयोगशाळा बाटल्या न धुता पाठवते आणि वर धुऊ नका म्हणते, तिची शिकवण मी कशाला घेऊ? साबण, राख, मग तीनदा स्वच्छ पाणी. रविवारी संध्याकाळी पातेलंभर पाणी काढून तुरटी फिरवायची आणि झाकून ठेवायचं. सकाळी तळाशी तांबूस गाळ बसतो, तो न हलवता वरचं पाणी चौपदरी सुती कापडातून गाळायचं, ते बाटलीत. मी स्वतः पिते तेही असंच. पाहुण्याला देतो तेच तुम्हाला दिलं, कमी नाही.

इतकं लिहिलं आणि हात थांबला. तो तांबूस गाळ मी दर रविवारी पाहते. बाकीची गल्ली तो पिते. पूर्वी निम्म्या घरांतून गाळत असत. मग पंधरा वर्षांपूर्वी तुझ्या खात्याची माणसं आली, पंपावर 'पिण्यास योग्य' अशी हिरवी पाटी ठोकून गेली, आणि तेव्हापासून सगळे मला हसतात, की सरकारने पास केलेलं पाणी मावशी पुन्हा तपासते.

माझ्या हातून काही चुकलं का, ते स्पष्ट लिही. आडवळण नको. कारखान्यात शिंपीणबाईंचा नवरा रंग ढवळायला होता. नोटीस लागल्यापासून घरी बसून बायकोच्या हाताखाली बटणं लावतो, आणि उलटी लावतो. गल्लीला मी काय सांगू?

उत्तर लवकर दे, बाकी लोभाचं नंतर पाहू.

तुझी,
मावशी


ता. १४ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा दार लावून घेतलं.

आडवळण नको म्हणालीस म्हणून सांगते. आम्लाच्या त्या दोन थेंबांनी पाण्यातलं लोह आणि आर्सेनिक विरघळलेलं राहतं, बाटलीच्या तळाला चिकटून बसत नाही. ते तू धुऊन टाकलंस. त्याआधी तुरटीने आणि कापडाने बरंचसं काढून घेतलं होतंस. म्हणजे एकोणीस वर्षं मी तुझ्या टापटिपीचा अभ्यास केला, त्यावर डॉक्टरेट मिळवली आणि दोन बढत्या घेतल्या. कारखान्याने बहुधा काहीच केलेलं नाही. जमिनीत आर्सेनिक पहिल्यापासून असणार, आणि पाटी मी ठोकली.

'बहुधा' म्हणते, कारण खात्री करायला हवी. दोन बाटल्या भरून पाठव: एक थेट पंपाची, एक तुझ्या पद्धतीने गाळलेली. दोन्ही धुवायच्या नाहीत, तुला माझी शपथ. निकाल येईपर्यंत कुणाजवळ काही बोलू नकोस. अर्धवट माहितीने लोक घाबरतात, आणि शास्त्रात घाई चालत नाही. नोटीस चार दिवस राहिली म्हणून बिघडणार नाही, तो कारखानाही काही संतांचा नाही. वर्षानुवर्षं आर्सेनिक पोटात गेलं की हातापायांच्या तळव्यांवर तशा गाठी येतात, तेव्हा शिंपीणबाईंच्या पायांचे तळवे एकदा पाहून ठेव, तिला मात्र कारण सांगू नकोस. तू गाळून पितेस, तेव्हा तुला कसली भीती नाही.

मुलाखत सत्तावीस एप्रिलला आहे. हे आपलं सहज सांगितलं.

तुझी,
भिंगरी


ता. २१ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

दोन बाटल्या आजच्या टपालाने रवाना केल्या. धुतल्या नाहीत. जिवावर आलं, पण शपथ होती. एकीवर 'पारोसं' आणि दुसरीवर 'गाळलेलं' अशा चिठ्ठ्या लावल्यात. तुमच्या शास्त्रीय भाषेत काय म्हणतात ते तुम्ही लावा.

शिंपीणबाईंचे तळवे पाहिले. नवी चप्पल शिवून घ्यायची आहे, तुझं माप दे, असं खोटंच सांगितलं. तळव्यांवर त्याच गाठी आहेत. तिच्या नवऱ्याच्याही आहेत, आणि समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या मोटारदुरुस्तीवाल्याच्याही. मी इतकी वर्षं या लोकांच्या हातात चहाचे कप दिले आणि हात पाहिले नाहीत. मला फार वाईट वाटतं आहे. दुसरं काय लिहू?

निकाल कळव. गल्लीचं मी बघते. माझी काळजी नको, मी गाळूनच पिते.

तुझी,
मावशी


ता. ३० एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

निवड झाली! एक जूनपासून खुर्ची माझी. निवड समितीत पाच जण होते. तिघांनी प्रश्न विचारले, एकाने घड्याळ पाहिलं आणि एकाने माझ्या फोटोची तारीफ केली. सात नंबरबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले की संशोधन एका महत्त्वाच्या वळणावर आहे. हे खोटं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले की अशा धाडसी बाईची खात्याला गरज आहे.

तुझ्या बाटल्या रांगेत आहेत. आर्थिक वर्षअखेरीची गर्दी, मग यंत्राचं काम, मग हे मुलाखतीचं. आता पुढच्या आठवड्यात नक्की. संचालक झाल्यावर सगळं नीट मार्गी लावता येईल, आत्ता केलं असतं तर माझ्या हातात काहीच राहिलं नसतं. तुला पटेल.

आनंदात आहे. तुझे आशीर्वाद.

तुझी,
भिंगरी


ता. ६ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद देते आहे, पण हात आखडता घेऊन.

तुमच्या प्रयोगशाळेत मी काल फोन केला. यंत्रापाशी बसणारा माणूस गोड निघाला. यंत्र ठणठणीत आहे म्हणाला, दुपारचा डबाही तो त्याच्याच शेजारी बसून खातो. पारोसं आणि गाळलेलं अशा बाटल्या त्याने पाहिलेल्याच नाहीत. अशी नावं विसरलो नसतो म्हणाला. बाटल्या पंचवीस मार्चला पोचल्याची पावती माझ्याकडे आहे. त्या तुझ्या कपाटात आहेत, आणि मुलाखत संपली तरी कपाट उघडलेलं नाही.

आता माझं ऐक. तू कुणाजवळ बोलू नकोस म्हणालीस ते मी ऐकलं नाही. त्याच्याही आधी, तीन मार्चला तुला पत्र टाकलं, परत येताना नळदुरुस्तीवाल्याला घेऊन आले आणि पंपाचा दांडा काढून घेतला. तुला विचारलं, ते उत्तर काय येतं ते पाहायला. दांडा माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. धुण्याभांड्यांना कुणाला लागला तर नेतात आणि सही करून परत देतात. पिण्याचं पाणी बाकी सगळे शाळेच्या खोल बोअरवरून आणतात, माझं मनगट तेवढ्या लांबून आणायला अजून साथ देत नाही, म्हणून मी पंपाचंच गाळून पिते. बोअरचं पाणी आरोग्यखात्याने तपासलेलं आहे, तुझ्या खात्याने नव्हे. तुझी हिरवी पाटी मी उपटली. तिच्यावर आता शिंपीणबाई कापड बेततात.

लोक मला काय काय बोलले ते लिहीत नाही. शिंपीणबाईने आठ दिवस माझ्या ओट्यावर पाऊल ठेवलं नाही, तेच सगळ्यात लागलं. तिने शेवटी एवढंच विचारलं, की मावशी, तुम्ही स्वतःचं पाणी एवढं जपत होता, मग आम्हाला कधी हाताला धरून का नाही शिकवलं? मी म्हणाले, तुम्ही हसत होता. हे काही उत्तर झालं नाही, मला माहीत आहे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना शिकवत होते, तेव्हा त्याही हसायच्याच.

आता तुझी खुर्ची. एकोणीस वर्षांची चूक माझी आहे. तुझ्या अहवालात ती माझ्या नावावर लाव, 'प्रशिक्षित' शब्द तेवढा काढ. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझी कोण बढती अडवणार? पण तीन मार्चनंतरचे दिवस मी माझ्या नावावर घेणार नाही. मी गप्प बसले असते, तर गल्लीने ते पाणी तुझ्या मुलाखतीपर्यंत प्यायलं असतं, आणि तू पिऊ दिलं असतंस. ते दिवस तुझ्या नावावर लिही. एक माणूस त्यातच बटणं लावतो आहे.

हे लिहिताना मला राग आहे आणि रडूही येतं आहे. तू माझी आहेस म्हणूनच दोन्ही.

मावशी


ता. १३ मे

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

कपाट परवा, अकरा तारखेला उघडलं. यंत्रावरच्या माणसाने चिठ्ठ्या वाचल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच पारोशी आहे. मी दोन्ही बाटल्यांपाशी उभी राहिले, निकाल छापून येईपर्यंत हलले नाही.

काल समितीला लेखी दिलं. तू सांगितलंस तसं नाही. एकोणीस वर्षांत मी एकदाही पंपावर उभी राहून बाटली भरताना पाहिली नाही, अर्ध्या पोस्टकार्डाला प्रशिक्षण म्हटलं आणि रेषा फार सरळ आहे हे दिसत असूनही ती आवडली म्हणून शंका घेतली नाही, असं लिहिलं. तुझं नाव कुठेच नाही. दुसऱ्या परिच्छेदात बाटल्या पोचल्यापासूनचे सत्तेचाळीस दिवस लिहिले, मुलाखतीच्या तारखेसकट. अध्यक्ष म्हणाले की पहिला परिच्छेद पुरेसा आहे, दुसरा काढला तर खुर्चीचं पाहता येईल, तो कुणाला ठाऊक आहे? मी काढला नाही. खुर्ची शेजारच्या सद्गृहस्थांना गेली. चौथा ग्रंथ येईलच. कारखान्याची नोटीस उद्या मागे घेतली जाईल, शिंपीणबाईंना सांग, बटणं आता सुटतील. गल्लीतल्या सगळ्यांची तपासणी करायला त्वचेचे डॉक्टर सोमवारी येताहेत, आणि मी शनिवारीच पोचते आहे.

आता निकाल. 'पारोसं' मर्यादेच्या सातपट. 'गाळलेलं' मर्यादेच्या अडीचपट. आम्लाचे थेंब असलेल्या बाटलीत तुझं पाणीही पास झालं नाही, मावशी. तुरटीने अर्ध्याहून जास्त काढलं, पण पुरेसं नाही. हे पत्र पोचलं की त्या पाण्याचा एक घोटही घेऊ नकोस. मनगटाचं कारण सांगू नकोस, वरच्या मुलीला बोअरवर पाठव.

तीन मार्चपासून गल्लीतल्या कुणीही ते पाणी प्यायलेलं नाही, तुझ्या शब्दावर. तुला कसली भीती नाही असं मी लिहिलं होतं, आणि खरं काय ते सांगणारी बाटली माझ्या कपाटात ठेवली होती. ते सत्तेचाळीस दिवस माझ्या शब्दावर पीत राहिली ती तू एकटी.

लोभ असू दे असं लिहायला आज हात धजत नाही.

भिंगरी